आजीचं अस्वल, लंडनचा स्लॉथ आणि एक न सांगितलेलं ऑपरेशन

ज्यांना हा भाग ऐकता आला नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना जिथे जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

एक सूचना आधीच देतो. आजच्या भागात ‘वृषण’ हा शब्द बऱ्याच वेळा येणार आहे. लोकलमध्ये किंवा घरात सगळ्यांसमोर स्पीकरवर ऐकत असाल तर इअरफोन शोधा. नाही सापडले तरी चालेल. का चालेल ते शेवटी कळेल.

तर सुरुवात आमच्या घरातून. आम्ही भुशीचे. हो, तेच भुशी, ज्या धरणाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात अर्धी मुंबई आणि अर्धं पुणे येऊन बसतं. ताई तिच्या दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरपणाला आली होती. तिच्या नणंदेने अमेरिकेहून बाळासाठी एक खेळणं पाठवलं होतं: करड्या रंगाचा, लांब हातांचा, झोपाळू चेहऱ्याचा कापडी स्लॉथ. आजीने तो उचलला, नखं बघितली, केस बघितले आणि म्हणाली, “अगं बाई, अस्वल पाठवलंय होय!”

आम्ही हसलो. मी लगेच मोबाईल काढून आजीला खरा स्लॉथ दाखवला. हा दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला, झाडाला उलटा लटकणारा, आपल्याकडे जंगलात नसतोच, वगैरे. आजी म्हणाली, “असेल. पण नखं अस्वलाचीच आहेत.”

त्या रात्री उगाच शोधत बसलो आणि लक्षात आलं की आजी एकटी नाही. लंडनमध्ये बसलेल्या एका मोठ्या प्राणिशास्त्रज्ञाने सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी हीच चूक केली होती. फक्त उलटी. आजीने स्लॉथला अस्वल म्हटलं, त्याने आपल्या अस्वलाला स्लॉथ म्हटलं.

त्याचं नाव जॉर्ज शॉ. साल १७९१. त्याच्यापुढे भारतातला एक प्राणी आला होता: अंगभर लांब काळे राठ केस, पुढच्या पायांना लांब बाकदार नखं आणि वरच्या जबड्यात मधले दोन दात गायब. कार्ल लिनियसने १७५८ मध्येच स्लॉथना ‘ब्रॅडिपस’ म्हणजे ‘मंद पायांचा’ असं नाव देऊन ठेवलं होतं. शॉने दात आणि नखं बघितली आणि आपल्या प्राण्याचं नाव ठेवलं ‘ब्रॅडिपस अर्सिनस’. अर्थ: अस्वलासारखा दिसणारा स्लॉथ!

आता हा प्राणी म्हणजे आपलं नेहमीचं अस्वल. मेळघाटातलं, ताडोब्यातलं, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यातलं. आजीच्या लहानपणी दरवेशी जे घेऊन दारोदार फिरायचा, ज्याच्या पाठीवर घाबरट पोरांना बसवायचे आणि ज्याचा केस ताईतात घालायचे, ते. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा खेळ बेकायदेशीर झाला आणि हळूहळू बंद पडला. बरंच झालं.) त्याचे ते दोन दात नसतात कारण ते वाळवी खातं. वारूळ उकरायचं, ओठांची नळी करायची आणि दातांच्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. व्हॅक्यूम क्लीनरच म्हणा. स्लॉथशी याचा काहीही संबंध नाही.

दोनच वर्षांनी, १७९३ मध्ये, मायर नावाच्या अभ्यासकाने ‘मेलर्सस’, म्हणजे मधाचं अस्वल, असं वेगळं नाव दिलं. पण शॉचा ‘अर्सिनस’ टिकला. त्यामुळे आज या प्राण्याचं शास्त्रीय नाव आहे मेलर्सस अर्सिनस: ‘अस्वलासारखं मधाचं अस्वल’. आणि इंग्रजीत अजूनही ‘स्लॉथ बेअर’च म्हणतात. ज्यांनी कोणी जुन्या कोडबेसमध्ये काम केलंय त्यांना हे दुःख कळेल. कोणीतरी घाईत व्हेरिएबलचं नाव चुकीचं ठेवतं, सगळीकडे ते वापरलं जातं आणि मग बदलायची हिंमत कोणाची होत नाही.

इथे माझ्या डोक्यात प्रश्न आला. दात आणि नखं सोडून दुसरं काय बघितलं असतं तर दोघांमधला फरक चटकन कळला असता? उत्तर शोधताना मी जिथे पोचलो, तिथे पोचायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

उत्तर आहे: मागून बघायचं.

नर अस्वलाचे वृषण कुत्र्यासारखे बाहेर, पिशवीत असतात. नर स्लॉथचे बाहेर दिसतच नाहीत. ते पोटात असतात, मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मधे, आणि आयुष्यभर तिथेच राहतात. पिशवी नाहीच. मादीतही मूत्रमार्ग आणि जननमार्ग बाहेर एकाच छोट्या द्वारात उघडतात. त्यामुळे बाहेरून दोघं जवळजवळ सारखे दिसतात. तीन बोटांच्या स्लॉथच्या बहुतेक जातींत प्रौढ नराच्या पाठीवर नारिंगी-पिवळा डाग असतो, तेवढी तरी खूण मिळते. दोन बोटांच्या स्लॉथमध्ये तीही नाही. प्राणिसंग्रहालयांत नर समजून मादी आणि मादी समजून नर ठेवले गेलेत, आणि मग खात्री करायला डीएनए तपासणी करावी लागते.

गंमत म्हणजे युरोपातल्या लोकांनी स्लॉथबद्दल लिहिताना या सगळ्याकडे क्वचितच लक्ष दिलं. त्यांना त्याच्या आळसाचंच कौतुक. अठराव्या शतकातला फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्यूफाँ याच्या मते तर स्लॉथ म्हणजे निसर्गाची बिघडलेली कृती, दोषांचं गाठोडं. १८२५ मध्ये चार्ल्स वॉटरटन या इंग्रज प्रवाशाने आपल्या दक्षिण अमेरिकेच्या प्रवासवर्णनात त्याची बाजू घेतली: याला जमिनीवर ठेवून बघू नका, झाडावर बघा, तिथे तो अगदी व्यवस्थित आहे. मला हे वाक्य फार आवडलं. का आवडलं, ते आता सांगतो.

मी नऊ वर्षांचा असताना माझं एक ऑपरेशन झालं. शाळेत सांगितलं, अपेंडिक्स. नातेवाइकांना सांगितलं, अपेंडिक्स. ताई तेव्हा तेरा वर्षांची होती, तिलाही अपेंडिक्सच सांगितलं. खरं कारण असं की माझी डावी गोळी, म्हणजे डावा वृषण, जन्मापासून खाली उतरलाच नव्हता. आईच्या लक्षात फार आधी आलं होतं. तिने एकदा एका डॉक्टरांना विचारलंही. ते म्हणाले, वाढत्या वयात येईल खाली. आई तेवढ्यावर थांबली, कारण दुसऱ्यांदा विचारायला तिला लाज वाटली. त्या लाजेत आठ वर्षं गेली.

मला त्या ऑपरेशनचं दुखणं आठवत नाही. आठवतं ते हे, की कोणालाही काही सांगायचं नाही. बाबांनी एसटीत खिडकीजवळ बसवून हळू आवाजात बजावलं होतं. मला वाटलं, मी काहीतरी केलंय.

आणि हे कुठे? जिथे शंकराच्या देवळात गेलं की आधी नंदीपाशी बसायचं, एक हात त्याच्या वृषणावर ठेवायचा, दुसऱ्या हाताची बोटं शिंगांवर ठेवायची आणि त्या फटीतून पिंडीचं दर्शन घ्यायचं. शृंगदर्शन म्हणतात त्याला. आजीनेच मला शिकवलं. दगडी बैलाच्या बाबतीत कोणाला काही वाटत नाही. घरातल्या पोराच्या बाबतीत शब्दसुद्धा उच्चारायचा नाही.

बरं, परत इतिहासाकडे. पोटात वृषण असणारा स्लॉथ एकटा नाही. हत्ती घ्या. आमच्या जवळच कार्ल्याची लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्यगृहाच्या पडवीत दोन्ही बाजूंना हत्ती कोरलेत, पण पुढचे अर्धेच. त्यामुळे शिल्पकारांना आपला प्रश्न पडलाच नाही. पण ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की हत्तीचे वृषण बाहेर दिसत नाहीत, ते आत मूत्रपिंडांजवळ असतात. आणि ते बरोबर आहे.

किंवा गावरान कोंबडा घ्या. घरी कोंबडा साफ करताना पाठीच्या कण्याला चिकटलेल्या दोन पांढुरक्या गोळ्या ज्यांनी बघितल्यात त्यांना माहीत आहे. तेच त्याचे वृषण. कोंबड्याचं शरीर ४१ अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि तरीही सगळं व्यवस्थित चालतं. कोकणात बोटीतून जे डॉल्फिन बघायला जातो, त्यांचेही आतच.

मग माणसाचे बाहेर का? इथे १७६२ साल येतं. लंडनमध्ये जॉन हंटर नावाच्या शल्यविशारदाने गर्भांचं विच्छेदन करून दाखवलं की मुलाचे वृषण सुरुवातीला पोटात, मूत्रपिंडांजवळच तयार होतात. म्हणजे हत्तीच्याच जागी! मग ते खाली सरकतात. वाट दाखवायला त्यांच्या खालच्या टोकाला एक दोरासारखा भाग जोडलेला असतो. हंटरने त्याला नाव दिलं ‘गुबर्नाक्युलम’, लॅटिनमध्ये सुकाणू. साधारण सातव्या-आठव्या महिन्यात वृषण जांघेतल्या बोगद्यातून पिशवीत उतरतात. आपण प्रत्येक पुरुष हा प्रवास करून आलोय. कोणाचा तो मधेच थांबतो, एवढंच.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. बाहेर पाऊस. नऊ वर्षांच्या पोराला कोणीतरी एवढंच सांगायला हवं होतं: तू काही केलेलं नाहीस. तुझी गोळी प्रवासात अडकली.

पण का उतरायचं, हा प्रश्न राहतोच. १९२० च्या दशकात शिकागो विद्यापीठातल्या कार्ल मूरने प्राण्यांवर प्रयोग केले. बाहेरचा वृषण परत पोटात ढकलून ठेवला की शुक्राणू तयार होणं बंद पडायचं. कारण उष्णता. माणसात पिशवीचं तापमान पोटापेक्षा दोन-चार अंशांनी कमी असतं, आणि शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींना तेच लागतं. थंडीत पिशवी आक्रसते, उन्हाळ्यात सैल होते. थर्मोस्टॅटच तो.

अलीकडची गोष्ट २०१८ ची. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये विराग शर्मा, मायकेल हिलर आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच सस्तन प्राण्यांचे जीनोम तपासले. वृषण खाली उतरायला दोन जनुकं फार महत्त्वाची असतात, आयएनएसएल३ आणि आरएक्सएफपी२. (उंदरांत आयएनएसएल३ बंद केलं तर वृषण पोटातच राहतात, हे १९९९ मध्येच दिसलं होतं.) आफ्रिकेतून आलेल्या हत्तीच्या गोतावळ्यातल्या चार प्राण्यांत ही जनुकं मोडलेली किंवा निकामी सापडली: टेनरेक, सोनेरी चिचुंद्रीसारखा केप गोल्डन मोल, एलिफंट श्रू आणि समुद्रात राहणारा मॅनेटी. मोडलेली, पण पूर्ण गायब नाहीत. अवशेष शिल्लक आहेत.

आपल्या भाषेत सांगायचं तर डेड कोड. फंक्शन कोणी कॉल करत नाही, अर्ध्या ओळी उडालेल्या आहेत, पण फाईल अजून रेपॉझिटरीत पडून आहे. त्यावरून कळतं की एकेकाळी हे फीचर चालू होतं. म्हणजे या प्राण्यांच्या पूर्वजांचे वृषण खाली उतरायचे आणि नंतर ते उतरणं बंद झालं. म्हणजेच आपल्या सगळ्यांच्या सामायिक पूर्वजातही ते उतरत असणार. हत्ती आणि स्लॉथ त्या चारांत नाहीत, म्हणजे आत राहण्याचे रस्ते एकापेक्षा जास्त.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी ताईला सांगितलं. मी स्लॉथपासून सुरुवात केली होती. मला वाटलं, मजेशीर आहे, ऐकेल.

ती गप्प झाली. मग म्हणाली, “बाळाची एक गोळी खाली नाहीये.”

आम्ही धरणाच्या वरच्या रस्त्याला चालत होतो. शनिवार होता, गाड्यांची रांग, भज्यांचा वास, पोरांचा आरडाओरडा. ती म्हणाली, जन्माच्या वेळेसच डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत सांगितलं की आता आपोआप उतरायची शक्यता फार कमी, वर्षाच्या आसपास ऑपरेशन करून टाका. सासूबाई म्हणतात, थांबा, एवढ्याशा जिवाला भूल द्यायची? दाजी म्हणतात, आई सांगते तर थांबू. आणि आता माझं ऐकून ती म्हणाली, “बघ, हत्तीला चालतं, कोंबड्याला चालतं, तुझ्या त्या स्लॉथला चालतं. मग ह्याला का नाही चालणार?”

आणि मला जाणवलं की मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. अर्धी गोष्ट सांगितली तर ती लाजेइतकीच नुकसान करते.

तिथेच, रस्त्याच्या कडेला, उरलेली अर्धी सांगितली. स्लॉथचं आत चालतं कारण त्याचं शरीरच थंड असतं, तीन बोटांच्या स्लॉथचं साधारण ३० ते ३४ अंश, हवेप्रमाणे वरखाली होणारं. डॉल्फिनचं आत चालतं कारण त्याच्याकडे कूलिंग सिस्टिम आहे. शेपटी आणि पाठीवरच्या पंखातून थंड झालेलं रक्त वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना चिकटून वाहतं आणि त्यांना गार करतं. १९९२ मध्ये सेंटिएल रोमेल आणि सहकाऱ्यांनी हे शोधलं. कोंबड्याच्या पेशी गरम जागेतच काम करायला बनलेल्या. प्रत्येकाने आत राहायचं ठरवलं तेव्हा बाकीची व्यवस्थाही बदलली, लाखो वर्षं लावून. तुझ्या बाळाची व्यवस्था बदललेली नाही. त्याची गोळी थंड जागेसाठी बनलीय आणि गरम जागेत अडकलीय. झाडावरचा स्लॉथ झाडावर ठीक आहे. जमिनीवर नाही.

मग थांबलो. आणि म्हणालो, “ताई, मला अपेंडिक्स झालंच नव्हतं.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने पहिला प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो. “आईला माहीत होतं?” मी हो म्हणालो. “म्हणून ती मला काही बोलत नाहीये,” ती म्हणाली.

घरी गेल्यावर ताईने आईला स्वयंपाकघरात गाठलं. मी बाहेर होतो. आवाज चढला नाही, पण बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा आईचे डोळे लाल होते. मला म्हणाली, “तुझ्या वेळी मी अजून एकदा विचारायला हवं होतं.” मी काय बोलणार? मी म्हणालो, “आता विचार ना.” आणि तिने विचारलं. म्हणजे ताईच्या सासूबाईंना स्वतः फोन लावला. माझ्या आईने, जिने वीस वर्षं हा विषय काढला नाही, फोनवर सांगितलं की माझ्या मुलाला उशीर झाला, तुमच्या नातवाला करू नका.

थोडी व्यवहाराची माहिती, कारण ऐकणाऱ्यांत कोणीतरी नवीन आई-बाबा असतील, काका-मामा असतील. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या शंभर मुलांत साधारण तिघांना हे असतं, वेळेआधी जन्मलेल्यांत जास्त. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांची गोळी आपोआप उतरते. सहा महिन्यांनंतर ती शक्यता फार कमी होते, म्हणून सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन करायला सांगतात. उशीर झाला तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते आणि वृषणाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. काही मुलांत गोळी उतरलेली असते पण थंडीने किंवा हात लावल्यावर वर सरकते, ते वेगळं. हा फरक डॉक्टरने तपासून सांगायचा, आजूबाजूच्यांनी नाही. आणि हे ऑपरेशन काही काल शोधलेलं नाही. एडिंबरामध्ये थॉमस ॲनंडेल या सर्जनने १८७७ मध्ये ते पहिल्यांदा यशस्वी केलं. बहुतेक वेळा जांघेत छोटा छेद, गोळी खाली आणून टाके, आणि त्याच दिवशी घरी.

मोठ्यांसाठीही एक. ज्यांचं माझ्यासारखं उशिरा झालंय, त्यांनी महिन्यातून एकदा अंघोळ करताना स्वतःच तपासा. गाठ लागली, आकार बदलला, जड वाटलं, तर डॉक्टरकडे जा. लाजायला वेळ नाहीये.

बाळाचं ऑपरेशन दोन आठवड्यांपूर्वी पुण्यात झालं. अकरा महिन्यांचा आहे. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी. भूल उतरल्यावर भूक लागली म्हणून रडला, मग झोपला. दाजींनी ऑफिसात रजेचं कारण काय सांगितलं माहितीये? खरं सांगितलं. त्यांच्या टीममधल्या एकाने नंतर त्यांना बाजूला घेऊन विचारलं की डॉक्टरांचा नंबर मिळेल का, माझ्या मुलालाही आहे.

आजी परवा बाळाला भेटायला गेली. जाताना कापडी स्लॉथ धुऊन, वाळवून बरोबर नेला. बाळाच्या शेजारी ठेवला आणि ताईला विचारलं, “याचंही ऑपरेशन करायला लागतं का गं?” ताई म्हणाली, “नाही आजी, याचं आतच असतं.” आजीने स्लॉथला उलटं करून नीट बघितलं.

“मग अस्वल नाही हे,” ती म्हणाली.

जॉर्ज शॉला हे १७९१ मध्ये सुचायला हवं होतं.

हा भाग कोणाला पाठवावासा वाटला तर पाठवा. घरच्या ग्रुपवर पाठवायला अवघड वाटत असेल तर तिथेच आधी पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटू. तोपर्यंत भुशीला आलात तर धरणाच्या पाण्यात जपून उतरा, आणि प्लास्टिक परत घेऊन जा.